नववीतल्या लेकीला मैत्रिणींनी एकटं पाडलंय, आई म्हणून मी किती मध्ये पडू?

कृष्णाकाठची_आई

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसती वाचत असते, लिहायची पहिलीच वेळ आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीत राहतो. लेक नववीला, सेमी इंग्लिश. पाचवीपासून चौघीजणींचं अगदी मेतकूट होतं, सायकलवरून शाळेत एकत्र, क्लासला एकत्र, आणि डबा तर असा की माझ्या भरल्या वांग्यांवर माझ्या लेकीपेक्षा त्या तिघींचाच हक्क जास्त. यंदा जूनमध्ये तुकड्या बदलल्या, ही एकटी ब मध्ये गेली आणि त्या तिघी अ मध्येच राहिल्या. सुरुवातीला मधल्या सुट्टीत भेटत होत्या, मग ते कमी कमी होत गेलं, मी म्हटलं होईल सवय, मुलं आहेत.

गणपती झाल्यावरच्या रविवारची गोष्ट. संध्याकाळी दिवा लावायचा म्हणून मी आतल्या खोलीत गेले तर ही अंधारात बसलेली, फोनचा उजेड तोंडावर आणि गालावरून पाणी वाहतंय, आवाज अजिबात नाही. मी शेजारी बसले तर तिने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. एकीच्या स्टेटसला तिघींचा फोटो होता, आयर्विन पुलावर, हातात भडंगाच्या पुड्या, मागे नदी. हिला कुणी विचारलंच नव्हतं. चौघींचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावर पंधरा दिवसांत कुणी काही लिहिलेलं नाही कारण हिला वगळून दुसरा ग्रुप केलाय, हे तिला क्लासमधल्या कुणाकडून तरी कळलं.

तेव्हापासून सोमवार उजाडला की पोटात दुखतं. डॉक्टरांकडे नेलं, तपासलं, काही नाही म्हणाले. डबा अर्धा परत येतो. विचारलं तर "काही नाही गं आई" एवढंच.

आणि अजून एक आहे, त्याचीच मला जास्त काळजी वाटतेय. क्लासमधली दहावीतली एक मुलगी अचानक हिला फार जवळ करायला लागलीये. आधी मला बरं वाटलं. पण ती म्हणते तू फक्त माझ्याशी बोल, तुझ्या ब तुकडीतल्या मुली भंगार आहेत, इन्स्टाचा पासवर्ड मागितला, रात्री अकराला हिने रिप्लाय दिला नाही तर दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते मग ही दिवसभर सॉरी सॉरी करत बसते. मी म्हटलं अगं ही कसली मैत्री, तर म्हणाली "आई, निदान तिला तरी मी हवीये." माझ्या पोटात खड्डाच पडला हे ऐकून.

तर मला विचारायचंय की त्या तिघींपैकी एकीची आई माझ्या चांगल्या ओळखीची आहे, हळदीकुंकवाला येणंजाणं आहे, तिला फोन करून सांगू का? आणि ह्या दहावीतल्या मुलीशी बोलायचं नाही असं सरळ सांगून टाकू का? मिस्टर म्हणतात लक्ष देऊ नको, अभ्यासाला लाव, आपोआप विसरेल. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या घरी ह्या वयाची मुलं आहेत किंवा होती त्यांनी प्लीज सांगा.

---

मधली_सुट्टी

ताई, लातूर जिल्ह्यात हायस्कूलला शिकवतो, बावीस वर्षं झाली. आठवी-नववीत तुकडी बदलली की गट फुटतात हे दर वर्षी बघतो. तिघींनी काही कट केला असेल असं मला वाटत नाही, ह्या वयात जो शेजारच्या बेंचवर तो जवळचा, रोजचे विनोद, रोजची भांडणं, कुठल्या सरांनी काय म्हटलं हे सगळं त्या वर्गात घडतं आणि जो तिथे नसतो त्याला ते सांगायचा कंटाळा येतो. पण दुसरा ग्रुप करणं हे मात्र ठरवून केलेलं आहे आणि ते लागणारच.

मी एक करतो ते सांगतो, तुमच्या शाळेत कुणी ऐकणारं असेल तर उपयोग होईल. जुलैच्या शेवटी वर्गात प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देतो, सहलीला बसमध्ये शेजारी कोण बसलेलं आवडेल त्या तिघांची नावं लिहा, चिठ्ठी मी एकटाच वाचणार. मग घरी वहीत सगळ्यांची नावं मांडून बाण काढत बसतो, कुणाकडून कुणाकडे. गेल्या वर्षी ५६ मुलांत चौघं अशी निघाली की त्यांच्याकडे एकही बाण येत नव्हता, त्यातला एक तर वर्गात दुसरा येणारा, सगळ्यांना गणितं समजावून सांगणारा पोरगा, मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. तो कागद बघून मला त्या रात्री झोप लागली नाही.

अशा मुलाला मॉनिटर करू नये, ही चूक मी सुरुवातीची काही वर्षं केली, पोरं अजूनच लांब जातात. त्याला जोडीचं काम द्यायचं. फळ्यावरचा सुविचार दोघांनी मिळून लिहायचा, वर्गवाचनालयाच्या पेटीची किल्ली दोघांकडे, विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल दोघांचं. एकमेकांच्या तोंडाकडे बघून मैत्री करा म्हटलं की मुलं अवघडतात, हातात काहीतरी काम असलं की बोलणं आपसूक सुरू होतं. आणि जोडीदार निवडताना वर्गातला सगळ्यात लाडका मुलगा नाही निवडायचा, शांत आणि स्वभावाने बरा असलेला निवडायचा.

तेव्हा तुम्ही ब तुकडीच्या वर्गशिक्षकांना भेटा. त्या तिघींची नावं घेऊ नका, तक्रारीचा सूर नको. लेक नवीन तुकडीत अजून रुळली नाही, कुणाबरोबर जोडीचं काम देता आलं तर बघा, एवढंच म्हणा. बहुतेक शिक्षक करतात हो, त्यांना माहीतच नसतं. पण चिडवणं, टोपणनाव पाडणं, फोटो फिरवणं असलं काही चालू असेल तर मात्र तोंडी सांगू नका, लेखी द्या. राज्यात २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय आहे, तक्रारपेटीही असायला हवी. विचारायला लाजू नका.

---

अंगणातली_आज्जी

अगं बाळा, वाचून गलबललं बघ. मी ६९ वर्षांची आहे, मिरजेत आयुष्य गेलं, आता लेकाकडे असते.

आमच्या वेळी रुसवेफुगवे नव्हते असं नाही. मला सातवीत दोन महिने वाळीत टाकलं होतं माझ्याच मैत्रिणींनी, कारण काय तर मी शाळेच्या नाटकात राजकन्या झाले. पण शाळेतल्या बोलल्या नाहीत तर वाड्यात होत्या, वाड्यातल्या रुसल्या तर आत्याच्या मुली होत्या, एक नाही आली तरी लंगडीला सहाजणी उरायच्याच. तुझ्या लेकीचं सगळं गाठोडं त्या तीन मुलींकडे ठेवलेलं होतं. त्यांनी हात काढला तर पोरीकडे काहीच उरलं नाही आणि मग जो पहिला हात पुढे आला तो तिने धरला. ती दहावीतली मुलगी काही वाईटच असेल असंही नाही गं, तिच्यापाशी तरी दुसरं कोण आहे कुणास ठाऊक.

म्हणून मला वाटतं त्या तिघींच्या मागे लागण्यापेक्षा गाठोडी वाढव. नवरात्र तोंडावर आलंय, घरी भोंडला कर. नववीच्या मुली लहान पोरींचं म्हणून नाकं मुरडतील पण खिरापत ओळखायला सगळ्या येतात, माझी नात अकरावीत होती तेव्हासुद्धा यायच्या. ब तुकडीतल्या बोलव, शेजारच्या बोलव, मामेबहिणीला बोलव. आणि तो फोन महिनाभर कपाटात ठेव बाई, सगळं दुखणं त्यातून येतंय.

---

पेठेतली_१९

काकू मी पुण्यात सेकंड इयरला आहे आणि आठवीत मी डिट्टो तुमच्या मुलीच्या जागी होते म्हणून लिहितेय, आज्जी तुमचं गाठोड्याचं एकदम पटलं, फक्त फोनचं जरा वेगळं सांगते, रागावू नका. फोन काढून घेतला की मुलीला असं वाटतं की त्रास मला झाला आणि शिक्षा पण मलाच, मग पुढच्या वेळी ती फोन तुमच्यापुढे धरणार नाही. काकू, तिने तुम्हाला स्वतःहून ते स्टेटस दाखवलं ना, ही खूप मोठी गोष्ट आहे, मी माझ्या आईला चार महिने काही सांगितलं नव्हतं.

आणि त्या दुसऱ्या आईला प्लीज फोन करू नका. माझ्या आईने केला होता, खूप गोड बोलून केला होता. त्या काकूंनी मुलीला झापलं आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर सगळ्या एकदम गप्प, मग मागून हळूच आवाज "मम्मी कुठेय तुझी". दहावी संपेपर्यंत मी मम्मी होते. आईचा हेतू चांगला होता हे मला आता कळतं पण तेव्हा मी आईशीच बोलणं बंद केलं होतं.

मला ज्याने बाहेर काढलं ते म्हणजे बाबांनी मला ज्ञान प्रबोधिनीच्या दलावर घातलं. रोज संध्याकाळी खेळ, पद्य, गप्पा, गणपतीच्या आधी बरचीचा, म्हणजे हातात काठी घेऊन ठेक्यावर नाचायचा सराव. पहिला आठवडा मी कोपऱ्यात उभी होते. मग एका ताईने माझ्या हातात बरची दिली आणि म्हणाली ठेका चुकला तरी थांबू नको, पुढचा पकड. तिथे कुणाला माहीतच नव्हतं की शाळेत मी कुणाला नको आहे!! तिथे मी फक्त एक नवीन मुलगी होते. शाळेत मी तेव्हाही एकटीच डबा खायचे पण संध्याकाळी साडेसहाला जायला एक जागा होती आणि तेवढ्यावर दिवस निघायचा. सांगलीत दल असेल नसेल, पण खो-खो, तबला, स्काउट गाइड, एनसीसी, स्विमिंग, काहीही जिथे शाळेतल्या मुली नाहीत आणि जिथे आठवड्यातून दोन-तीनदा तीच तीच माणसं भेटतात. एक दिवसाच्या शिबिराने काही होत नाही, परत परत भेटावं लागतं.

त्या दहावीतल्या मुलीबद्दल. मलाही अशी एक मिळाली होती, माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता मेसेज करायची साखळी, तुटली तर दोन दिवस अबोला. आईने तिच्याशी बोलू नको म्हटलं असतं तर मी लपून बोलले असते, शंभर टक्के. माझ्या मावशीने एकदा सहज विचारलं की तिच्याशी बोलून झाल्यावर तुला हलकं वाटतं का दमल्यासारखं होतं. मी काही उत्तर दिलं नाही पण तो प्रश्न डोक्यात राहिला, दर वेळी फोन ठेवला की मी तपासायला लागले आणि दर वेळी दमलेलीच असायचे. महिन्याभराने मीच कमी केलं.

पासवर्ड मात्र आजच बदलायला लावा. आणि तिला सांगा की सगळं माझ्यावर ढकल. "आई रोज फोन चेक करते, पासवर्ड दिला तर मारेल" असं खुशाल सांगू दे तिला. नाही म्हणायची हिंमत यायला वेळ लागतो तोपर्यंत आईचं नाव खूप कामाला येतं.

---

आठ_सातची_लोकल

ताई, डोंबिवलीहून लिहितोय. मी दुसऱ्या बाजूचा बाप आहे. माझा मुलगा त्रास देणाऱ्यांमध्ये होता.

गेल्या वर्षी, आठवीत. वर्गातल्या एका मुलाच्या चेहऱ्याचा ह्यांनी स्टिकर केला, तो जांभई देत असतानाचा फोटो, आणि प्रत्येक मेसेजखाली तो टाकायचे, वर्गाच्या ग्रुपवर सुद्धा. तो मुलगा आठ दिवस शाळेत गेला नाही तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. मी घरी येऊन मुलाला नको नको ते बोललो, फोन काढून घेतला, क्रिकेट बंद केलं. तो एक शब्द बोलला नाही. तीन-चार दिवसांनी रात्री मी पाणी प्यायला उठलो तर हा ओट्यापाशी उभा. मी काही विचारलं नाही, नुसता उभा राहिलो, तर म्हणाला, बाबा, मी हसलो नसतो तर पुढचा स्टिकर माझा असता.

मला त्याआधी असं वाटत होतं की माझा मुलगा वाईट संगतीत बिघडतोय. तो घाबरलेला होता हो. रोज घाबरून हसत होता.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. मी आधी फोन करून त्याच्या वडिलांना विचारलं येऊ का, कारण त्यांना नको असेल तर आपण आपल्या समाधानासाठी जाऊन बसायचं हे बरोबर नाही. ते या म्हणाले. माझ्या मुलाने स्टिकर डिलीट केल्याचं सांगितलं, सॉरी म्हणाला, मान खाली. तो मुलगा काही बोलला नाही. पंधरा मिनिटं चौघं बसलो, चहा झाला, निघालो. दोघं आज मित्र वगैरे नाहीत, पण माझा मुलगा त्या ग्रुपमधून बाहेर पडला आणि त्याच्या मागून अजून एक पडला.

हे सांगायचं कारण, त्या तिघींमध्येही एखादी अशी असेल जिला हे पटत नाहीये पण पुढचा नंबर आपला लागेल अशी भीती वाटतेय. तिघींना एकत्र शत्रू धरू नका. लेकीला विचारा की त्यातली कुठली एकटी भेटली तर बोलते. अशी एक असतेच बहुतेक वेळा.

आणि आमच्या घरात एक बदल केला तो म्हणजे रविवारी मॅच झाली की सगळी टीम आमच्याकडे. वडापाव किंवा मिसळ, दहा-बारा पोरं, हॉलमध्ये चपलांचा ढीग. आधी मला मित्र घरी आणलेले चालत नसे, वन रूम किचन आहे, जागा नाही म्हणायचो. आता मला प्रत्येकाचं नाव माहितीये, कोण कुणाला दाबतो, कोण घरी जायला टाळतो, हे खाताना दोन तासांत दिसतं. चौकशी करून वर्षभरात कळलं नसतं.

---

कृष्णाकाठची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं. लोकलवाले दादा, तुमचं वाचून ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले उद्यापासून क्लासला मी सोडतो, गाडीवर बोलेल कदाचित.

त्या आईला फोन करणार होते, नाही केला. पासवर्ड बदललाय. उद्या वर्गशिक्षकांना भेटतेय.

अजून एक विचारते, पोटदुखी, जेवण कमी, हे आपोआप जाईल का ह्याला काही म्हणायचं, म्हणजे कुणाला दाखवायची वेळ कधी आली असं समजायचं?

---

वर्ध्याची_समुपदेशक

ताई, शाळांमध्ये मुलांशी बोलणं हेच माझं काम आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी लिहिते.

पोटदुखी खरी असते. ती नाटक करतेय असं घरात कुणी म्हणू नका. अमेरिकेत २००३ मध्ये एक प्रयोग झाला होता, कॉलेजच्या मुलांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू फेकाफेकीचा खेळ दिला, सांगितलं की पलीकडे दोन खरे खेळाडू आहेत. थोड्या वेळाने ते दोघं आपसातच चेंडू टाकायला लागले आणि ह्याला वगळलं. पलीकडे माणसं नव्हतीच, कॉम्प्युटर होता, चेंडूही चित्रातला. तरी मेंदूत जो भाग शरीराला दुखल्यावर जागा होतो त्यातला एक भाग जागा झाला. दोन अनोळखी लोकांनी चित्रातला चेंडू दिला नाही तर एवढं, मग पाचवीपासूनच्या तिघींनी पुलावर नेलं नाही तर किती.

आणि मित्रांसमोर मुलं असं का वागतात त्याचाही एक प्रयोग आहे, २००५ सालचा. गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं का दामटायचं. १३ ते १६ ची मुलं एकटी खेळताना बऱ्यापैकी सांभाळून खेळली पण बरोबरीची दोघं बघत असली की धोका कितीतरी जास्त घ्यायला लागली, मोठ्या माणसांमध्ये मात्र कुणी बघण्या न बघण्याने फरक पडला नाही. लोकलवाल्या दादांचा मुलगा घाबरून हसत होता ते ह्यातलंच आहे. ह्या वयात बरोबरीच्यांची नजर फार जड असते.

आता कधी दाखवायचं. सोमवारी पोट दुखतंय आणि रविवारी ती हसतेय, जेवतेय, चित्र काढतेय, तर थोडी वाट बघा. पण दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास, झोप बिघडली, जेवण सुटलं, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, शाळेत जायलाच नकार, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील. आणि "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली किंवा लिहिलेलं दिसलं, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या, तर त्याच दिवशी. तिला एकटं सोडू नका. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता. मुलांसाठी १०९८ आहे, तो तिला स्वतःला पाठ असू दे.

घरात काय करायचं त्याबद्दल एवढंच सांगते की समोर बसवून विचारू नका. तोंडासमोर तोंड आलं की ह्या वयाची मुलं मिटतात. मटार सोलताना, गाडीवर मागे बसलेली असताना, गच्चीत कपडे काढताना, म्हणजे दोघींची नजर तिसरीकडे असताना बोलणं निघतं. तिचे बाबा क्लासला सोडणार आहेत हे छानच. फक्त रोज "मैत्रिणी झाल्या का" हे नको, त्यात तिला परीक्षेचा निकाल विचारल्यासारखं वाटतं. "आज शेजारी कोण बसलं होतं", "डब्याला काय आणलं होतं तिने" असं बारीक विचारा. आणि ती सांगायला लागली की लगेच उपाय सांगू नका, निदान पाच मिनिटं. मला स्वतःला हे शिकायला फार वर्षं लागली, आपल्याला घाई होते ना तिचं दुखणं थांबवायची.

फोनबाबत आज्जी आणि पेठेतली ताई दोघींचं थोडं थोडं घ्या. काढून घेऊ नका पण रात्री दहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचे दोघांचेही. मग अकराच्या मेसेजला उत्तर न देण्याचं कारण घराचा नियम होतो, तिला स्वतःला काही ठरवावं लागत नाही. ती दहावीतली मुलगी दोन-चार दिवस रुसेल. तेव्हा लेकीजवळ बसा, तो रुसवा सहन करून पार पडणं हे तिच्यासाठी मोठं काम आहे. एकदा कळलं की कुणी रुसलं तरी आभाळ कोसळत नाही, की पुढे खूप सोपं जातं.

---

कृष्णाकाठची_आई

सव्वा महिन्याने लिहितेय, माफ करा, सहामाही परीक्षा, मग नवरात्र, मग दिवाळीची साफसफाई.

सर, तुमचं जोडीच्या कामाचं वर्गशिक्षिकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहूनच घेतलं. वर्गातल्या भित्तिपत्रकाचं काम हिला आणि अजून एका मुलीला दिलं. ती मुलगी तासगावहून एसटीने येते, फार बोलत नाही, अक्षर मोत्यासारखं. ही चित्र काढते ती मजकूर लिहिते. दोन आठवडे मला घरात तिचं नाव फक्त "ती अक्षरवाली" एवढंच ऐकू यायचं.

भोंडला केला आज्जी. लेक आधी तयारच नव्हती, "आई, नववीत कोण भोंडला करतं". मग मामेबहीण आली, तिने पाटावर हत्ती काढला आणि हिला तो काही आवडला नाही, म्हणून हिने पुसून स्वतः काढला, अंबारीसकट. तिथून सुरू झालं. ब तुकडीतल्या चौघी आल्या, अक्षरवाली तिच्या वडिलांना सांगून आमच्याकडेच राहिली त्या दिवशी, खालच्या मजल्यावरच्या दोन लहान पोरी. गाणी कुणालाच धड येत नव्हती, मी आणि सासूबाई म्हणायच्या आणि त्या मागून. आणि फेर अर्धा झाल्यावर दारात बघते तर त्या तिघींपैकी एक उभी, चप्पल पायातच, आत येऊ का नको अशी. लोकलवाले दादा म्हणाले होते ना एक असते, लेकीने तिला एकटीलाच मेसेज केला होता, मला काही माहीत नव्हतं. लेकीने फेर न थांबवता हात सोडवून तिच्या बाजूचा हात मोकळा केला. ती आली. काही बोलल्या नाहीत दोघी तेव्हा.

खिरापतीचा डबा लेकीने वाजवून दाखवला. सांगली म्हटल्यावर सगळ्या ओरडल्या भडंग, भडंग. खारी शंकरपाळी होती. ते नाव बरोबर ओळखलं त्या उशिरा आलेलीने, कारण माझ्या घरी पाचवीपासून तिने ती खाल्लीये.

बाकीच्या दोघी अजून बोलत नाहीत. लेक जुना ग्रुपही सोडून बाहेर पडली, विचारलं तर म्हणाली उगाच रोज उघडून बघत बसायचे. दहावीतली मुलगी फोनच्या नियमावर आठवडाभर रुसली होती, ते दिवस वाईट गेले, दोनदा लेकीने माझ्याकडून फोन मागून घेतला आणि परत ठेवला. आता ती कधी बोलते कधी नाही. मी तिच्याबद्दल वाईट काही बोलत नाही, एकदा घरी ये म्हणून निरोप दिलाय, आली तर बघू. लेक संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस खो-खोला जाते, पहिल्या दिवशी गुडघा फोडून आली आणि तेच पुन्हा पुन्हा सांगत होती कसा फुटला ते.

पोटदुखी मागच्या दोन सोमवारी नव्हती, त्याआधीच्या सोमवारी होती. लक्ष ठेवून आहे. १०९८ आणि १४४१६ दोन्ही फ्रिजवर लिहून लावलेत, सगळ्यांचे फोन नंबर असतात तिथेच.

उद्याच्या डब्याला भरली वांगी मागितलीत, दोघींना पुरतील एवढी दे म्हणाली. मंडईत चाललेय, आल्यावर राहिलेल्यांना उत्तरं लिहिते.